आत्ये, तुझ्या परसात पंप फिरला

अन्याय कुणावर झाला ते आधी सांगते, म्हणजे पुढं गोंधळ नको. तुझ्या दहाव्याच्या दिवशी, पितृपक्षातल्या भर दुपारी, माणसं नदीवरून परतल्यावर आणि पानं मांडायच्या आधी, धसईजवळच्या तुझ्या घराच्या परसात वांग्यांवर मारायच्या औषधाचा पंप फिरला. कढीपत्त्यावरच्या अळ्या गेल्या. भिंतीकडेच्या गोगलगाई गेल्या. जास्वंदीच्या मुळाशी घर करून राहिलेले मुंगळे गेले. उडता येत नाही म्हणून कुंपणावरच दिवस काढणारी ती पिवळी फुलपाखरं गेली. अन्याय त्यांच्यावर झाला. करणारा परका नव्हता, तुझा सख्खा धाकटा दीर, गणपततात्या. आणि अन्याय तुझ्यावरही झाला, द्वारकाआत्ये. तो कसा, हे सांगितल्याशिवाय मी थांबणार नाही.

मेलं ते अर्धं परस. उरलेलं अर्धं अजून जिवंत आहे आणि त्याचं काय व्हायचं ते भातकापणीच्या आत ठरणार आहे. म्हणून एवढ्या घाईनं तुला लिहिते आहे. तुझा जन्म कधीचा, लग्न कधी झालं, मागं कोण कोण, हे लिहायला दुसरी माणसं आहेत. मला तसलं जमत नाही. मी शहापुरात संघटनेची पत्रकं लिहिणारी बाई. "जाहीर निषेध" इथून सुरू करायचं आणि "आमच्या मागण्या" इथं संपवायचं, एवढंच मला येतं. पण तुझी आठवण काढायला बसले की वाक्यं सरळ जात नाहीत. ती तुझ्या त्या फुलपाखरांसारखी जरा वर जातात आणि तिरकी होऊन पानावर बसतात.

मे महिन्यातल्या दुपारी आठवतात. आबा, म्हणजे तुझा भाऊ, मला आटगावहून शहापुरास आणायचे आणि मुरबाडच्या एसटीत बसवून द्यायचे. "उतरलीस का सरळ आत्याकडं जा, बाजारात भटकू नको." मी उतरून तुझ्याकडं येईपर्यंत ऊन असं चढलेलं असायचं की रस्ता पाण्यासारखा हलायचा. तुझ्या घराला वळसा घालून मागं आलं की मात्र एकदम सावली. एरंडाची, निरगुडीची, कढीपत्त्याची, आणि त्या सावलीत कुंपणाला सुतळीनं टांगलेल्या नारळाच्या करवंट्या. वारा आला की त्या सगळ्या मिळून हळूच हलायच्या. एकीत कापसावर मधमाशी, एकीत पाय तुटलेला टोळ, एकीत नुसतंच ओलं पान, कारण आतला पेशंट सकाळीच उडून गेलेला. लहान असताना मला वाटायचं, सगळ्याच घरांमागं असा दवाखाना असतो. आमच्या घरामागं का नाही, म्हणून मी आईशी भांडलेही होते.

तू मला पहिलं पाणी द्यायची नाहीस. आधी मधमाशी. सिमेंटच्या हौदात पडलेली मधमाशी तू करंजाच्या पानावर उचलून घ्यायचीस आणि उन्हात ठेवायचीस, मग बोटाच्या टोकावर साखरेच्या पाण्याचा थेंब धरायचीस. ती आपली सोंड बाहेर काढायची. आपण दोघी श्वास धरून बघायचो. ते इतकं हळू चालायचं की मला झोप यायची, आणि त्या झोपेत मधमाशी मोठी होत होत परसाएवढी व्हायची, तिच्या पंखांखाली सावली पडायची आणि त्या सावलीत तू मला विचारायचीस, "शाले, भाकर खाशील का?" जागी झाले की माझ्यासमोर खरोखरच भाकर असायची. मधमाशी गेलेली असायची. ती किती वेळानं उडाली, हे मला कधी कळलं नाही. तुझ्या परसात वेळ मोजायची सोय नव्हती.

कांद्याच्या पापुद्र्याची गोष्ट मी किती जणांना सांगितली, कुणी खरी धरली नाही. काळ्या-निळ्या मोठ्या फुलपाखराचा एक पंख निम्मा गेला होता. तू कांदा सोलून त्याच्या आतला तो पारदर्शक पापुद्रा काढलास, उन्हात वाळवलास, कातरलास आणि शेवग्याचा डिंक लावून पंखाला चिकटवलास. मी म्हटलं, "आत्ये, ह्ये काय, चड्डीला ठिगळ लावल्यासारखं." तू म्हणालीस, "गप, हलवू नको, तुझ्या श्वासानं पन उडंल." ते फुलपाखरू उडालं. सरळ नाही, एका बाजूला कलून, दारू प्यायलेल्यासारखं, पण कुंपणाच्या वर गेलं आणि उन्हात त्याच्या एका पंखावर कांद्याचा तुकडा अभ्रकासारखा चमकला. मग ते तात्यांच्या गोठ्याच्या पलीकडं दिसेनासं झालं. ते जगलं की दोन घरं टाकून मेलं, आपल्याला माहीत नाही. तू विचारही केला नाहीस. तू उरलेला कांदा चिरून कालवणात टाकलास.

तुझं सगळं बरोबरच होतं असं इथं कुणी लिहिणार असेल तर मी ते खोडून काढीन. तुझे निम्मे पेशंट मरायचे. बेडकाला तू भात भरवायला जायचीस आणि तो तोंड फिरवायचा. गोगलगायीच्या फुटक्या शंखाला तू अंड्याच्या टरफलाचा तुकडा चिकटवायचीस, आणि एकीच्या बाबतीत तो तुकडा इतका मोठा लावलास की ती चालायला लागली की पडायची. आणि तुझी ती तांबडी कोंबडी! बरा होत आलेला टोळ तिनं करवंटीतूनच उचलला. तू तिच्याशी अबोला धरलास. दाणे टाकायचीस, पण दुसरीकडं बघून. अंडं मात्र घ्यायचीस. मी हसले तर म्हणालीस, "अंड्याचा काय दोष?" आणि डास? डासाला तू फाडकन मारायचीस. ढेकणाला चिरडायचीस. मी विचारलं, ह्यांनी काय घोडं मारलं? तर म्हणे, "मला चावंल त्यो माजा नाय." एवढं सरळ तत्त्वज्ञान आमच्या संघटनेच्या कुठल्याही शिबिरात मी ऐकलं नाही.

लोक कारण शोधायचे. बाईला पोर नाही, नवरा लवकर गेला, म्हणून किडे पाळते. तोंडावर "द्वारकाबाय" आणि पाठीमागं "किडेवाली". याचा मला भयंकर राग. पोर नसलेल्या बाईनं काहीही केलं तरी ते पोर नसल्यामुळंच, हा कुठला न्याय? पोरं असलेल्या बायका काहीच करत नाहीत, त्याचं कारण कुणी शोधतं का? मी हे भांडण धसईच्या बाजारात, भाजीवाल्यांच्या समोर, मोठ्या आवाजात केलं होतं. तू माझा हात ओढून नेलास. "तू असं का करतेस म्हणून त्यांना सांग तरी," मी म्हटलं. तू पिशवी या हातातून त्या हातात घेतलीस. "बघवत नाय म्हनून. आनखी काय सांगू?"

आपलं खरं भांडण वेगळं होतं, आत्ये, आणि ते अर्धवट राहिलं. ते त्या कुंभारणीवरून सुरू झालं. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची, मातीचं मडकं बांधणारी माशी. तिचं मडकं पागोळीच्या पाण्यानं फुटलं होतं आणि तू ओली माती जवळ नेऊन ठेवलीस, तिला लांब जायला नको म्हणून. तिनं नवं मडकं बांधलं आणि तू इतके दिवस जपलेल्या कढीपत्त्यावरच्या अळ्या एकेक करून उचलून त्यात भरल्या, आपल्या पिल्लांचं खाणं म्हणून. मी तेव्हा नुकती संघटनेत गेले होते. डोकं गरम. मी म्हटलं, "बघ! हे असं होतं. सगळ्यांना मदत करायची म्हणजे खाणाऱ्यालाच मदत होते. बाजू घ्यावी लागते, आत्ये. एक तर अळीची, नाही तर माशीची."

तू तांदूळ निवडत होतीस. "मी बाजू घेत नाय."

"बाजू न घेणं हीसुद्धा एक बाजूच असते."

"ह्ये तुज्या कागदावरचं ना?"

"हो, कागदावरचं. मग?"

"मंग कागदावरच ठेव." सुपातला खडा तू अंगणात भिरकावलास. "पडला का उचलायचा. उठला का त्येचा त्यो. मंग त्यानं काय करायचं त्ये मी का सांगू? ल्हानपनी पडलीस, तुला उचलून बसवली तवा तू काय करशील, मला कोनी इचारला व्हता?"

मी चिडून पाय आपटत विहिरीवर गेले. परत आले तर तू त्याच जागी, त्याच सुपाशी, आणि कुंभारीण तुझ्या डोक्यावरच्या वाशाला मडकं लिंपत होती. दुपार जिथल्या तिथं होती. मला अजूनही वाटतं माझंच बरोबर होतं. पिण्याचं पाणी आमच्या डोळ्यांसमोरून नळातून मुंबईला जातं आणि आमच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात, तिथं मी पडलेल्याला फक्त उचलणार नाही, पाडणाऱ्याचं नावही घेणार. पण हे तुला पटवून द्यायचं राहिलं. आता तू ऐकत नाहीस, आणि ज्याच्याशी भांडायचं तेच माणूस नसलं की जिंकल्यासारखं वाटत नाही.

एकदा मात्र तू माझ्या मोर्च्याला आलीस. श्रावण होता, पण उन्हाळ्यात मागितलेला नळ अजून आला नव्हता. आटगावहून शहापूरच्या कचेरीवर पाण्यासाठी बायकांचा मोर्चा, हायवेच्या कडेनं. तू माहेरी आली होतीस म्हणून आलीस, नाही तर आली नसतीस. मी पुढं घोषणा देत होते आणि मागच्या घोषणा एकदम बंद पडल्या. मला वाटलं पोलीस. वळून बघते तर तू दोन्ही हात पसरून रस्त्याच्या कडेला आडवी उभी आणि तुझ्या पायांशी वाण्यांची रांग. वाणी म्हणजे ते काळे-तांबडे, पुष्कळ पायांचे, हात लावला की नाण्यासारखे गोल होणारे किडे. गवतातून निघून डांबराची कड ओलांडून पलीकडच्या गवतात चालले होते, सावकाश, एकामागं एक.

"थांबा गो," तू म्हणालीस. "आदी ह्यांचा मोर्चा जाऊंदे."

मागची एक म्हातारी म्हणाली, "त्येंनाबी पानी नाय वाटतं."

"त्ये कोनाकडं मागायला चाललं?"

"भाऊसायबाकडं! पन त्यो जेवायला गेला आसंल!"

बायका हसत सुटल्या. पन्नास पावलं लांब मोर्चा किड्यांसाठी थांबला आणि हंडे खाली टेकवून सगळ्या बघत बसल्या. ट्रक गेले, त्यांच्या वाऱ्यानं पदर उडाले. मी रागानं लाल. आणि मग कुणास ठाऊक कसं, मीही बघायला लागले. त्या इतक्या पायांची लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं जात होती, जशी वाऱ्यानं भाताच्या खाचरातून जाते. आवाज नाही, घोषणा नाही, आणि तरी ते चालले होते. कचेरीत आम्हाला उशीर झाला. साहेब जेवायला गेलेलेच होते. संध्याकाळपर्यंत आम्ही पायरीवर बसून राहिलो आणि तू तिथंही पाठीवर पडलेल्या एका भुंग्याला उलट्याचा सुलटा करत होतीस.

शेवटी भेटायला आले तेव्हा तुला कावीळ झाली होती. डोळे, तळवे, सगळं हळदीचं. वैदू झाला, डॉक्टर झाले, आणि तू घरी यायचा हट्ट धरलास. मागच्या पडवीत तुझी खाट. तुला परस दिसत होतं. मी पायाशी बसले तर म्हणालीस, "बघ, पिवळी झाले. आता मलापन कुंपनावर ठेवा." मी रडले, तू नाही. खाटेच्या खुरावर एक हिरवा खंडोबाचा किडा, तो हात जोडून बसल्यासारखा दिसणारा, मान वळवून आपल्याकडं बघत होता. त्याचा एक पुढचा पाय अर्धा होता. म्हणजे एकाच हाताचा नमस्कार.

मला तुला एक विचारायचं होतं. एखादं तुझ्या तळहातावरच मेलं की तू ते लगेच टाकायची नाहीस. हात तसाच उघडा धरून बसायचीस. कितीही काम असो. मग तुळशीच्या मुळाशी ठेवायचीस आणि मुंग्या यायच्या. तेवढा वेळ तू काय करत होतीस? मनात काही म्हणायचीस का? की नुसतीच बसायचीस? मी विचारीन विचारीन म्हणत होते, तेवढ्यात काशीकाकू, तात्यांची बायको, पेज घेऊन आली आणि आपण पेजेबद्दल बोललो. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तू गेलीस. तूही मला काही सोपवलं नाहीस. "परस बघ" एवढंसुद्धा म्हणाली नाहीस. पडलेल्याला उचलायचं, पण दुसऱ्यानं उचलावं असं सांगायचं नाही, हा तुझा नियम असेल. माझा नाही.

आता पिठाचं सांगते.

तू गेलीस त्या जागेवर दिवा लावला होता. आपल्याकडची रीत तुला माहीतच आहे, तूही कितीकांच्या घरी हे केलं असशील: नवव्या संध्याकाळी दिव्याजवळ तांदळाचं पीठ चाळून पसरलं आणि वर टोपली पालथी घातली. दहाव्याच्या सकाळी टोपली उचलायची आणि पिठावर कुणाची पावलं उमटली ते बघायचं. माणसाचं पाऊल, गाईचा खूर, पाखराचा पाय. गेलेला जीव ज्या जन्माला गेला त्याची खूण. मी असलं मानत नाही. आमची संघटना असल्या गोष्टींविरुद्ध पत्रकं काढते, त्यातली काही मीच लिहिली आहेत. तरी मीही वाकून बघत होते.

काशीकाकूनं टोपली उचलली. पिठावर एक बारीक नक्षी होती. दोन्ही बाजूंना ठिपके ठिपके, मधून एक रेघ, वळण घेत घेत कडेपर्यंत गेलेली. गोधडीला टाके घालतात तशी. सुंदर होती. सकाळच्या उन्हात ते पीठ आतून उजळल्यासारखं वाटत होतं आणि मला वाटलं, ती रेघ अजून पुढं चालली आहे, जमिनीवरून, उंबऱ्यावरून, मागच्या दारानं.

"किडा गो," काकू म्हणाली आणि तोंडावर पदर धरला.

"सोन्यासारखी बाय. किड्याच्या जन्माला गेली."

"जानारच. जन्मभर त्येच केला."

कुणीतरी म्हणालं, कावीळ नव्हतीच ती, त्यातलंच काहीतरी चावलं असणार. डॉक्टरांचा कागद घरात होता, पण कागदाला कोण विचारतो. तुला पोर नाही म्हणून सगळं तात्यांनाच करायचं होतं. ते नदीवर गेले, मुंडण करून, विधी करून आले. ओलं, पांढरं डोकं घेऊन दारात उभे राहिले, सोप्यात बसलेल्या पाहुण्यांकडं बघितलं, मग गोठ्यात गेले आणि पाठीवर पंप चढवून आले.

"वैनीला ह्यांनी धरून ठेवली," ते म्हणाले. "ह्ये मेलं का ती सुटंल."

मी उठून तिथं पोहोचेपर्यंत कढीपत्त्याकडची बाजू झालेली होती. सावलीत ते औषध धुक्यासारखं पसरलं होतं आणि त्याचा गोडसर वास येत होता. वरून काहीतरी टपटप पडत होतं. मी पाऊस नाही म्हणत, अळ्या म्हणते. करवंट्या हलत होत्या, वारा नसताना. पिवळी फुलपाखरं कुंपणावरून हळूहळू, पानगळ असावी तशी, खाली आली. मला ओरडता येईना. मला, जिचा आवाज कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर ऐकू जातो. स्वप्नात पाय उचलत नाहीत तसं झालं. मग तात्या निरगुडीकडं वळले आणि माझा आवाज परत आला.

"तात्या, आत्या किडा झाली ना?"

"व्हय. पाहिलास ना तू पन."

"मग तो किडा कुठं आहे?"

त्यांचा हात दांड्यावर होता. तो तिथंच राहिला.

"सकाळी पिठावरून चालत गेला," मी म्हटलं. "मागच्या दारानं. म्हणजे इथंच आला असणार. तिचंच परस ते, ती दुसरीकडं कुठं जाईल? मग तुम्ही आत्ता औषध कुणावर मारलं, तात्या?"

पंपाच्या नळीतून एक थेंब खाली पडला, आत्ये. काशीकाकू परसात दोन पावलं आली होती, ती एक पाय उचलून तशीच उभी राहिली. खाली ठेवायला तिला भीती वाटत होती. मग मागच्या बायकाही पायाखाली बघायला लागल्या. एकीनं पदर गोळा केला. "सरका गो, बघून पाय ठेवा," कुणीतरी कुजबुजली. किड्यांना जन्मभर चपलेनं चिरडणाऱ्या बाया लहान मूल झोपलेल्या घरात चालतात तशा चालत मागं सरकल्या. तात्यांनी पंप उतरवला. ते कढीपत्त्याच्या बुंध्याशी उकिडवे बसले आणि पडलेलं काहीतरी बोटानं उलटसुलट करून बघायला लागले. त्या मुंडण केलेल्या डोक्याचा माणूस मला त्या क्षणी इतका उघडा वाटला की माझा राग कुठं ठेवावा ते कळेना.

"वैने," ते हळूच म्हणाले. मला नाही. खाली बघून.

संघटनेत माझ्यावर टीका झाली. म्हणे, तू अंधश्रद्धेला बळ दिलंस. त्यांना माझं उत्तर इथंच देऊन टाकते. पिठावरून कोण चाललं ते मला माहीत नाही. तुझ्या घरात टोपलीखाली पीठ ठेवल्यावर रात्रभरात किडा फिरला नसता तरच नवल. पण ज्यांनी तुला किडा मानलं त्यांनीच औषध मारलं, हा खोटेपणा मी त्यांच्याच तराजूत तोलून दाखवला. तुमची समजूत खरी असेल तर तुम्ही तिला मारलंत. खोटी असेल तर उगाच इतक्यांना मारलंत. तिसरी वाट असेल तर दाखवा. माफी मागणार नाही. आणि आत्ये, तुला म्हणून सांगते, मी हे सगळं युक्तीनं बोलत होते, तरी त्या दुपारी मीही पाय बघून टाकत होते.

आता उरलंय ते निरगुडीच्या बाजूचं परस. कुंभारणीची मडकी, हौदाच्या ओलीतला बेडूक, एका पायानं नमस्कार करणारा तो खंडोबाचा किडा, शेपूट तुटलेला सरडा, आणि अजून सात-आठ करवंट्या ज्यांत कुणी ना कुणी आहे. तात्या वाईट नाहीत. त्यांनी परत पंप उचलला नाही. पण परवा मी गेले तर मला पडवीत बसवून म्हणाले, "शालू, भात पिवळा पडायला लागला. कापला का झोडायला मला खळं लागंल. वैनी व्हती तवर मी दुसऱ्याच्या खळ्यावर झोडला, बोललो नाय. आता ही जागा मला चोपून सारवायला लागंल. तुला काय न्यायचा त्ये ने. मी काय मारनार नाय, पन सारवनार." हे त्यांचं म्हणणं मी खोटं ठरवू शकत नाही. खळं लागतं. खळ्यावरचा भात मीही खाते. मोर्चा काढून सोडवण्यासारखं हे भांडण नाही, आणि इथं मला कुणाच्या विरुद्ध घोषणा द्याव्यात ते सापडत नाही. फक्त पडलेल्यांना उचलायचं उरलंय, आणि ते मी एकटीनं शहापूरच्या भाड्याच्या खोलीत नेऊन जगवू शकत नाही. तिथं माती नाही. मी हौदाकडची निरगुडी हलवून बघितली, मुळं फार खोल गेलीत.

म्हणून हे वाचणाऱ्यांनो, आता तुमच्याशी बोलते. हळहळू नका, मला हळहळ नको. शहापूर, मुरबाड, जिथं कुठं तुमच्या घरामागं हातभर माती असेल, तिथला एक कोपरा आजपासून झाडायचा बंद करा, औषध मारायचं बंद करा, आणि भात कापायच्या आत धसईला या. बाजाराच्या दिवशी या, एसटी मिळते. कुणालाही द्वारकाबाईचं परस विचारा. आत येताना पायाखाली बघा, आणि जाताना एकाला तरी घेऊन जा. येणार आहात की नाही?

हो म्हणा, नाही तर नाही म्हणा. पण आज म्हणा.